पडद्यामागच्या अशिलांची वकीलबाई

तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात आता काळा कोट घातलेली मुलगी दिसली तर कुणी वळून बघत नाही. स्कूटीच्या डिकीत फायली, गळ्यात पांढरा बँड आणि मागोमाग चालणारी एखादी गांगरलेली अशील, हे चित्र आपल्या ओळखीचं झालंय. बारावीनंतर पाच वर्षं नाहीतर पदवीनंतर तीन वर्षं लॉ करायचं, बार कौन्सिलची सनद घ्यायची, २०११ पासून सुरू झालेली बार परीक्षा द्यायची आणि एखाद्या सीनियरकडे बसून काम शिकायचं. मुलगी आहे म्हणून यातली एकही पायरी अडत नाही. निदान कागदावर तरी नाही!

पण मैत्रिणींनो, ही पायरी-पायरीची वाट पहिल्यांदा चालायला निघालेल्या बाईला प्रत्येक पायरीवर थांबवलं गेलं होतं. परीक्षा दे म्हणाले, तिने दिली. मग म्हणाले, आणखी एक दे. तीही दिली. एकामागून एक परीक्षा पास होत गेली आणि तरी वकील म्हणून तिचं नाव पटावर चढायला तिच्या वयाची चौपन्न वर्षं उलटावी लागली. या बाईचं नाव कॉर्नेलिया सोराबजी. नाव परकं वाटलं तरी बाई आपल्याच. जन्म नाशिकचा, १५ नोव्हेंबर १८६६ चा.

वडील रेव्हरंड सोराबजी खरसेटजी हे मूळचे पारशी, तरुणपणी ख्रिस्ती झालेले. आई फ्रान्सिना. तिला लहानपणी फोर्ड नावाच्या इंग्रज जोडप्याने दत्तक घेऊन वाढवलं होतं. त्या फोर्डबाईंचं नाव कॉर्नेलिया, तेच या मुलीला ठेवलं. घरात मुलीच मुली! लोक त्या काळी अशा घराकडे कसं बघायचे ते सांगायला नको. पण फ्रान्सिनाबाईंनी मुलींना जड मानलंच नाही. त्यांनी पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल काढलं, वेगवेगळ्या धर्मांची मुलं एकत्र शिकवली आणि आपल्या पोरींनाही एकेका कामाला जुंपलं. पुढे सुसी शिक्षिका झाली. पुण्याची सेंट हेलेना शाळा तिनेच उभी केली. अ‍ॅलिस डॉक्टर होऊन थेट वायव्य सरहद्दीवर बन्नूला गेली. आणि कॉर्नेलियाला वकील व्हायचं होतं.

वकीलच का, याचं कारण तिने आपल्या आठवणींत सांगून ठेवलंय. आई लोकांच्या अडीअडचणी ऐकायला बसायची, तेव्हा पोरगी आजूबाजूला असायची. एक दिवस काठेवाडकडची एक विधवा बाई आली. चांगल्या घरची, पैसाअडका असलेली, पण पडद्यात वाढलेली. तिचा सगळा कारभार एक दिवाणजी बघायचा. त्याने कसल्याशा कागदावर तिची सही घेतली होती. कागदात काय लिहिलंय हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. पुढे कळलं की सगळी मालमत्ता त्याच्या नावावर झालीय. कायद्याने आता काही करता येत नाही, असं तिला सगळे सांगत होते. ती बाई रडत परत गेली. अशा बायकांना मदत करायची असेल तर कायदा शीक, असं आईने लेकीला समजावलं.

भावाच्या घरून साडी-चोळी घेऊन आणि हक्कसोडपत्रावर सही करून परतणाऱ्या आपल्याकडच्या बहिणींना ही गोष्ट फार जुनी वाटणार नाही.

शिक्षण आधी घरी आणि आईच्या शाळेत झालं. मग पुण्याचं डेक्कन कॉलेज. सगळे मुलगे आणि ही एकटी मुलगी. ती वर्गाकडे येतेय असं दिसलं की मुलं धाडकन दार लावून घ्यायची. ती मात्र रोज यायची. शेवटच्या परीक्षेत ती पहिल्या वर्गात आली आणि मुंबई विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर झाली. साल १८८८ च्या सुमाराचं. नियमाप्रमाणे अशा हुशार विद्यार्थ्याला विलायतेला जाऊन शिकायला सरकारी शिष्यवृत्ती मिळायची. हिचे गुण होते, नंबर होता, सगळं होतं. पण शिष्यवृत्ती काही दिली नाही. बाईला ती देता येत नाही म्हणे!

हाच काळ जरा आठवून बघा. १८८४ ते १८८८ या वर्षांत मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजत होता. लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जायचं की नाही, हा तो वाद. खटला बाईचा, आयुष्य बाईचं, पण न्यायाधीश, दोन्हीकडचे वकील, वर्तमानपत्रांत लिहिणारे, झाडून सगळे पुरुष. तिची बाजू मांडायला एखादी बाई कोर्टात उभी राहू शकेल, हे कुणाच्या डोक्यातही येण्यासारखं नव्हतं. रखमाबाई १८८९ साली डॉक्टरकी शिकायला इंग्लंडला गेल्या. कॉर्नेलियाही त्याच साली गेली. एक औषधाकडे, दुसरी कायद्याकडे.

पैशांचं काय झालं? शिष्यवृत्ती नाकारल्यावर तिने रडत बसण्यापेक्षा अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात नोकरी धरली. तिथे ती मुलग्यांना इंग्रजी साहित्य शिकवायची. विशीतली पोरगी पुरुषांच्या कॉलेजात मास्तरीण, म्हणजे त्या काळी केवढं धाडस! इकडे इंग्लंडमध्ये लेडी हॉबहाउस नावाच्या बाईंनी टाइम्स या वर्तमानपत्रात पत्र लिहून या अन्यायाला वाचा फोडली आणि वर्गणी सुरू केली. पैसे देणाऱ्यांमध्ये कोण असेल? फ्लॉरेन्स नाइटिंगेल. दिवा घेऊन जखमी सैनिकांची सेवा करणारी म्हणून आपण शाळेच्या पुस्तकात वाचली ती! सरकारने नाकारलेली शिष्यवृत्ती अशी लोकांच्या खिशातून उभी राहिली.

ऑक्सफर्डमध्ये तिला सॉमरव्हिल या मुलींच्या हॉलमध्ये जागा मिळाली. आता इथे थोडं थांबून त्या वेळी वकील घडायचा कसा, ते बघायला हवं. कारण कॉर्नेलियाच्या सगळ्या त्रासाची किल्ली त्यात आहे.

कायदा शिकणं आणि वकील होणं या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. विद्यापीठात कायदा शिकायचा तो ग्रंथांतून. रोमन कायदा, कायद्याचं तत्त्वज्ञान, आंतरराष्ट्रीय कायदा. पदवी मिळाली तरी कोर्टात उभं राहता येत नसे. बॅरिस्टर व्हायचं तर लंडनच्या चार ‘इन’पैकी एकात नाव घालायचं आणि ठरलेल्या संख्येने तिथल्या पंगतीला जेवायचं. होय, जेवायचं! मोठ्या वकिलांच्या संगतीत बसून रीतभात अंगात मुरावी, ही त्यामागची कल्पना. आपले गांधीजी, जीना असे सगळे या पंगती जेवूनच बॅरिस्टर झाले. दुसरी वाट सॉलिसिटरची. त्यात ऑफिसात उमेदवारी करून मृत्युपत्रं, खरेदीखतं, विश्वस्तांचे कागद कसे करायचे ते शिकायचं. भारतात याशिवाय वकील, प्लीडर, मुखत्यार असे आणखी प्रकार होते आणि प्रत्येक हायकोर्टाच्या परीक्षा वेगळ्या. पण एक गोष्ट सगळीकडे सारखी. या कुठल्याच दारातून बाईला आत घेत नसत. ‘इन’च्या पंगतीला बाईचं पान इंग्लंडमध्ये १९१९ चा कायदा होईपर्यंत मांडलं गेलं नाही.

म्हणजे कॉर्नेलियाला ग्रंथांतला कायदा शिकायची मुभा होती. पुढचं काही नाही. तरीही ती नेटाने शिकली. बेंजामिन जोवेट हे बॅलिअल कॉलेजचे मोठे वजनदार प्रमुख तिच्या पाठीशी उभे राहिले. विल्यम अ‍ॅन्सन यांनी १८९० मध्ये ऑल सोल्स कॉलेजच्या कॉड्रिंग्टन ग्रंथालयाचं दार तिला उघडून दिलं. त्या ग्रंथालयात वाचायला बसलेली ती पहिली बाई. कलकत्ता हायकोर्टात न्यायाधीश राहिलेले विल्यम मार्कबी तेव्हा ऑक्सफर्डमध्येच भारतीय कायदा शिकवत होते. म्हणजे चांगल्या गुरूंची वाण नव्हती. परीक्षेचीच होती.

बीसीएल ही कायद्याची मोठी परीक्षा. ती आजवर कुठल्याही बाईने दिली नव्हती. बाईचा पेपर आपण तपासणार नाही, असा सूर निघाला. बायकांसाठी वेगळी सोय करू, असंही म्हटलं गेलं. कॉर्नेलियाला ते नको होतं. वेगळी परीक्षा दिली की पुढे जन्मभर लोक म्हणणार, हिची परीक्षा सोपी होती! शेवटी तिच्या हितचिंतकांनी अर्ज-विनंत्या करून विद्यापीठाकडून खास ठराव करून घेतला आणि १८९२ मध्ये मुलांच्या बरोबरीने तिने पेपर दिले. निकाल काही पहिल्या वर्गाचा लागला नाही, आणि त्याची रुखरुख तिला असणारच. पण पास झाली. ऑक्सफर्डची कायद्याची ही परीक्षा देणारी जगातली पहिली बाई आपल्या नाशिकची, हे एवढं पुरे आहे.

पदवी? ती मिळाली नाही. परीक्षा पास केलेल्या बायकांना ऑक्सफर्ड तेव्हा पदवीच देत नसे. १९२० मध्ये नियम बदलला आणि कॉर्नेलियाला तिची पदवी १९२२ मध्ये हातात पडली. तीस वर्षांनी!

मला स्वतःला या सगळ्या शिक्षणात सर्वांत मोलाचा वाटतो तो पुढचा भाग, ज्याच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. परीक्षेनंतर ती लंडनच्या ली अँड पेम्बर्टन या सॉलिसिटर कंपनीत काम शिकायला बसली. बाई ऑफिसात बसून कायद्याचं काम शिकतेय, हेही नवलच. पण रोमन कायद्याच्या ग्रंथांतून जे मिळालं नसतं ते इथे मिळालं. दस्त कसा वाचायचा, त्यातली मेख कुठे असते, मृत्युपत्रात एक शब्द इकडचा तिकडे झाला तर कोणाचं घर बुडतं, इस्टेटीचा हिशेब कसा तपासायचा. पुढच्या आयुष्यात या बाईने जे काम केलं ते सगळं याच जातीचं होतं. आजही कॉलेजातून बाहेर पडलेली मुलं-मुली सांगतात ना, की खरं काम सीनियरच्या ऑफिसातच शिकलो म्हणून? तसंच.

१८९३ मध्ये ती परत आली. एवढं शिकून आलेली बाई, तेव्हा इथून पुढे आपणही त्यांना अहो-जाहो करू.

कॉर्नेलियाबाई परतल्या त्या पुण्यालाच. डोक्यात एकच, पडद्यातल्या बायकांसाठी काम करायचं. काठेवाडातल्या आणि इंदूरकडच्या संस्थानांत ब्रिटिश एजंटांपुढे अशा बायकांची बाजू मांडायची खास परवानगी त्यांना मिळाली. पण ती तेवढ्यापुरती. वकील म्हणून कायमचं नाव नाही. १८९६ मध्ये पुण्यातच खुनाच्या एका खटल्यात त्या बचावासाठी उभ्या राहिल्या. हे जमलं कसं, तर फौजदारी कायद्यात एक छोटीशी फट होती. कोर्टाची परवानगी असेल तर आरोपीतर्फे वकिलाखेरीज दुसरी कुणी व्यक्तीही उभी राहू शकत होती. व्यक्ती म्हटलंय ना, पुरुष म्हटलेलं नाही! कायदा बारकाईने वाचायची सवय अशी कामाला आली.

संस्थानी काळातली त्यांची एक गोष्ट फार मजेची आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्यांचा अशील होता एक हत्ती! त्या हत्तीच्या नावाने झाडांची एक बाग पूर्वी दिलेली होती, ती राजाने काढून घेतली. हत्तीची बाजू मांडायला बाई दरबारात गेल्या. महाराज झोपाळ्यावर बसलेले. बाईंनी तोंड उघडायच्या आत निकाल लागला, तोही हत्तीच्या बाजूने. कारण काय, तर महाराजांच्या कुत्र्याला बाई आवडल्या होत्या! ऑक्सफर्डला शिकलेला सगळा कायदा तिथे बाजूलाच राहिला. आपल्या आठवणींच्या पुस्तकात त्यांनीच हा प्रसंग हसत हसत लिहिलाय.

पण हसण्यावारी नेण्यासारखी परिस्थिती नव्हती. नियमित वकिली करायची तर इथली परीक्षा हवी, म्हणून १८९७ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाची एलएलबी पास झाल्या. तरी दार उघडलं नाही. मग अलाहाबाद हायकोर्टाची परीक्षा १८९९ मध्ये दिली. तीही पास. तरी नाव नोंदवायला नकार. त्यांचा भाऊ डिक बॅरिस्टर होता आणि अलाहाबादलाच वकिली करत होता. विचार करा, शिकलेली दोघं भावंडं. सकाळी भाऊ गाऊन घेऊन हायकोर्टात जाणार आणि भावापेक्षा जास्त परीक्षा दिलेली बहीण मागे राहणार. किती परीक्षा म्हणजे पुरे, हे त्यांना कुणी कधीच सांगितलं नाही, कारण अडचण परीक्षेची नव्हतीच.

दुसरी कोणी असती तर कंटाळून शाळा काढून बसली असती. कॉर्नेलियाबाईंनी वेगळीच शक्कल लढवली. वकील म्हणून घेत नाही ना, मग सरकारनेच बायकांसाठी एक कायदेशीर सल्लागार नेमावी, असा धोशा त्यांनी १९०२ पासून लावला. लंडनला जाऊन इंडिया ऑफिसची दारं ठोठावली, वर्तमानपत्रांतून लिहिलं. १९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्‌सकडे त्यांची नेमणूक झाली. १९०७ पर्यंत बंगाल, बिहार, ओरिसा आणि आसाम असा अवाढव्य मुलूख त्यांच्याकडे आला.

कोर्ट ऑफ वॉर्ड्‌स म्हणजे काय? एखादा मोठा जमीनदार वारला आणि मागे विधवा किंवा अज्ञान मुलं राहिली की त्या इस्टेटीचा कारभार सरकार आपल्या ताब्यात घ्यायचं. अंमलदार सगळे पुरुष. आणि मालकीणबाई बसलेल्या आत, जनानखान्यात. परपुरुषाचं तोंड बघायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही. मग साहेबाचं म्हणणं त्यांच्यापर्यंत आणि त्यांचं साहेबापर्यंत पोचवणार कोण? कारभारी, नातेवाईक, दीर, भट-भिक्षुक. जो मधे उभा, त्याचं फावलेलं.

कायद्याला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पडदानशीन बाईने केलेला दस्त कोर्टात आला तर तो तिला वाचून दाखवला होता, तिला तो समजला होता आणि तिने तो आपल्या मर्जीने केला होता, हे सिद्ध करायची जबाबदारी दस्ताचा फायदा घेणाऱ्यावर होती. चांगला नियम! अशा बायकांनी कोर्टात समक्ष येऊ नये अशीही सवलत होती, त्यांची साक्ष घरी जाऊन घेतली जाई. पण घरी जाऊन तरी काय? वकील पडद्याच्या अलीकडे, बाई पलीकडे. आतून आवाज येतोय तो मालकिणीचा की तिच्या दासीचा, हे कोण सांगणार? कागदावर उठलेला अंगठा कुणाचा? तिच्या शेजारी बसून कोण कानात सांगतंय? पडद्याआड जाऊन हे बघू शकेल आणि कायदाही जाणत असेल असं माणूस म्हणजे शिकलेली बाईच. कॉर्नेलियाबाईंचा मुद्दा इतका साधा होता. आणि तो सरकारला पटायला एक जन्म जायची वेळ आली होती.

पुढची वीस-एक वर्षं या बाईंनी पायाला भिंगरी लावल्यासारखी काढली. आगगाडी, होडी, पालखी, हत्ती, मिळेल त्या वाहनाने. पदर नीट घेऊन, रेशमी साडी नेसून त्या जनानखान्यात शिरायच्या, बाजूला बसायच्या, गप्पा मारायच्या. हिशेबाच्या वह्या मागवायच्या. धाकट्या राण्या-सावत्र सासवांची भांडणं सोडवायच्या. कुणाचं मृत्युपत्र करून दे, कुणाची अडवून धरलेली पोटगी सोडवून दे, कुणाच्या लेकराच्या शाळेची सोय कर. इस्टेटीच्या लहानग्या वारसाला विष घालतील म्हणून धास्तावलेल्या आया त्यांच्या आठवणींत भेटतात, तेव्हा अंगावर काटा येतो. सहाशेच्या वर बायका आणि पोरक्या मुलांचे प्रश्न त्यांनी हाताळले असा अंदाज आहे. त्यातले कितीतरी पैसे न घेता. १९०९ मध्ये सरकारने कैसर-इ-हिंद पदक दिलं.

यातलं कुठलंही काम लॉ कॉलेजात शिकवलं जात नव्हतं. बोलायची सवय नसलेल्या अशिलाला बोलतं कसं करायचं, तिच्या सोवळ्या-ओवळ्याचा मान ठेवून तिला कायदा कसा सांगायचा, तिने नाही म्हटलं तर ते तिचंच नाही आहे का दुसऱ्या कुणाचं, हे कसं ओळखायचं. हल्ली कायद्याच्या अभ्यासक्रमात अशिलाशी बोलण्याचं आणि कायदेशीर मदत केंद्रात बसण्याचं प्रात्यक्षिक असतं. कॉर्नेलियाबाईंना ते शिकवायला कोणी नव्हतं. लहानपणी आईच्या मागे बसून ऐकलेल्या कहाण्या, हीच काय ती त्यांची शिकवणी. या अनुभवावर त्यांनी पुस्तकंही लिहिली. १९०१ मधलं पडद्यामागच्या जगावरचं पहिलं, मग बरीच, आणि १९३४ मधली ‘इंडिया कॉलिंग’ ही आठवणींची.

तिकडे वकिलीच्या दाराशी आता इतरजणीही येऊन उभ्या राहिल्या होत्या. १९१६ मध्ये रेजिना गुहा यांनी कलकत्ता हायकोर्टात अर्ज केला. वकिलांसाठीचा कायदा १८७९ चा. त्यात वकिलाचा उल्लेख ‘तो’ असा. कायद्याच्या भाषेचा एक सर्वसाधारण नियम आहे की पुल्लिंगी शब्दात स्त्रीही धरावी. म्हणजे शिक्षा होताना, कर भरताना ‘तो’मध्ये आपण बायका असतोच! पण न्यायाधीशांनी सांगितलं की हा कायदा करताना बायकांचा विचार कुणाच्या मनातच नव्हता, तेव्हा इथे ‘तो’ म्हणजे तोच. अर्ज फेटाळला. १९२१ मध्ये सुधांशुबाला हाजरा यांना पाटण्याच्या हायकोर्टाने असंच परत पाठवलं. आणि त्याच साली, २४ ऑगस्टला, अलाहाबाद हायकोर्टाने मात्र कॉर्नेलिया सोराबजी यांचं नाव वकील म्हणून नोंदवून घेतलं. परीक्षा १८९९ मध्ये पास, नोंदणी १९२१ मध्ये. मधली बावीस वर्षं कायदा तोच होता. दोन वर्षांनी, १९२३ मध्ये, केवळ स्त्री आहे म्हणून कुणाला वकिलीपासून अडवता येणार नाही, असा कायदाच झाला आणि हा घोळ संपला.

बाई मग पुन्हा लंडनला गेल्या, पदवी घेतली, लिंकन्स इनमधून १९२३ मध्ये बॅरिस्टर झाल्या आणि १९२४ पासून कलकत्त्यात बसू लागल्या. आता तरी कोर्ट गाजवलं असेल असं आपल्याला वाटतं. तसं झालं नाही. सनद मिळाली पण पुरुष वकील आणि न्यायाधीश सहजासहजी सामावून घेईनात. वाट्याला आलं ते बहुतेक कागदावर मत लिहून देण्याचं काम. साठीला आलेल्या बाईने नव्याने कोर्टातली वकिली सुरू करायची, हेही सोपं नव्हतंच. ज्या वयात ज्युनियर म्हणून उभं राहून चुका करत शिकायचं, ती वर्षं निघून गेली होती. १९२९ मध्ये त्यांनी काम थांबवलं आणि त्या लंडनला राहायला गेल्या.

एवढं सगळं करूनही आपल्याकडे त्यांचं नाव मागे का पडलं, हा प्रश्न मनात येतो. त्याचं उत्तर त्यांच्या मतांत आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. त्या ब्रिटिश राज्याच्या पक्क्या बाजूच्या होत्या. गांधीजींच्या चळवळीला त्यांनी उघड विरोध केला. १९२७ मध्ये कॅथरीन मेयो या अमेरिकन बाईने भारतावर चिखलफेक करणारं ‘मदर इंडिया’ लिहिलं आणि देशभर संताप उसळला, तेव्हा कॉर्नेलियाबाईंनी त्या पुस्तकाची पाठराखण केली. झालं! ज्या बायकांच्या संस्थांमध्ये त्या काम करत होत्या त्याही दुरावल्या. सनातनी बायकांना हळूहळू, त्यांच्या कलाने घेत बदलावं असं त्यांचं मत. मताधिकार, स्वातंत्र्य वगैरे मागणाऱ्या तरुण बायकांशी त्यांचं जमलं नाही. पडद्यामागचं दुःख इतकं जवळून बघितलेल्या बाईला स्वातंत्र्याची तहान का कळू नये, हे मला तरी कोडं वाटतं. कदाचित ज्या हातांनी आपल्याला शिकवलं त्या हातांविरुद्ध जाणं त्यांना जमलं नसेल. पण जनानखान्यात बसून त्यांनी ज्यांची घरं वाचवली, त्यांच्या दृष्टीने या मतांना काय किंमत असणार?

त्यांच्या मागून येणाऱ्यांना वाट बरीच मोकळी मिळाली. मिठान टाटा, म्हणजे पुढच्या मिठान लाम, लिंकन्स इनमधूनच बॅरिस्टर होऊन आल्या आणि मुंबई हायकोर्टात उभ्या राहणाऱ्या पहिल्या महिला वकील ठरल्या. त्याच हायकोर्टात न्यायाधीशाच्या खुर्चीवर पहिली बाई बसली ती १९७८ मध्ये, सुजाता मनोहर. १९९४ मध्ये त्या तिथल्या मुख्य न्यायमूर्तीही झाल्या. ज्या मुंबईची एलएलबी पास होऊनही कॉर्नेलियाबाईंना दार बंद होतं, त्याच मुंबईची ही गोष्ट.

कॉर्नेलियाबाईंनी लग्न केलं नाही. शेवटी डोळ्यांनी फार त्रास दिला. आयुष्यभर बारीक अक्षरातले दस्त वाचलेल्या बाईला वाचणंच अवघड होऊन बसलं. ६ जुलै १९५४ रोजी लंडनमध्ये त्या वारल्या. वय सत्त्याऐंशी. २०१२ मध्ये लिंकन्स इनमध्ये त्यांचा अर्धपुतळा बसवला गेला. ज्या पंगतीत एके काळी बाईचं पान मांडत नसत, तिथेच.